शाळेच्या मेलखात्याची आवराआवर : कार्यालयातल्या नोंदी, मे ते जुलै 2025

बुधवार, 14 मे 2025

काल दुपारी एकला दहावीचा निकाल लागला आणि आज सकाळपासून खिडकीपुढची रांग हटलेली नाही. त्या गडबडीतच कार्यालयाच्या मेलखात्यात वर पट्टी झळकली, जागा 94 टक्के भरली म्हणून. अर्ध्या तासात संस्थेच्या संगणक विभागातून फोन आला. सगळ्या शाखांच्या कार्यालयीन खात्यांना आजवर 15 जीबी होते, ते 1 जुलैपासून 10 होणार. तोवर ज्याने त्याने आपापलं आवरून घ्यायचं.

आधी मला राग आला, पण संस्थेची अडचणही समजते. गूगलच्या शैक्षणिक खात्यांना पूर्वी जागेची मर्यादाच नव्हती. 2021 मध्ये ते धोरण बदललं आणि जुलै 2022 पासून जुन्या संस्थांनाही सर्वांत मिळून 100 टीबीची सामाईक पेटी आली. आमच्या संस्थेच्या शाळा, महाविद्यालयं, शिक्षक आणि मुलांची खाती एवढ्या सगळ्यांनी ती वाटून घ्यायची. आम्ही जागा अडवली की ती दुसऱ्या कुणाच्या वाट्यातून जाते.

आजची मोजणी अशी : जीमेल 9.4 जीबी, ड्राइव्ह 4.3, फोटो 0.4. एकूण 14.1.

मोठ्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सुट्टी आहे तोवर करून टाका. पण काही हरवता कामा नये हं. आपलं आवक-जावक आता त्या खात्यातच आहे." खातं 2013 सालचं आहे. सुरुवातीला टपालाच्या जोडीला मेल होता, आता मेलच्या जोडीला कधीतरी टपाल येतं. बारा वर्षांचा पत्रव्यवहार आहे. काम मी अंगावर घेतलं आणि ही वही सुरू केली.

शुक्रवार, 16 मे

काल अख्खी दुपार चुकीच्या ठिकाणी घालवली. वाटलं, जाहिराती, सूचना, कुठल्याकुठल्या पोर्टलचे आपोआप येणारे मेल आधी काढावेत. बसून 2,900 मेल काढले. मोकळी झालेली जागा जेमतेम 110 एमबी. बोट दुखलं आणि आकडा 94 वरून 93 वर आला.

आज संगणकाच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, संख्येकडे बघू नका, वजनाकडे बघा." शोधपट्टीच्या उजव्या टोकाला पर्यायांचं चिन्ह असतं. ते उघडलं की आकाराची चौकट मिळते. तिथे 'पेक्षा मोठा' निवडून 10 एमबी भरायचं. हे मला बारा वर्षांत माहीत नव्हतं.

निकाल पाहून थक्क झाले. खात्यात सुमारे 31,000 मेल आहेत. त्यांतले 10 एमबीच्या वरचे फक्त 412. आणि या 412 जणांनी 9.4 पैकी 6.2 जीबी व्यापलेत! शंभरात दीडसुद्धा नाहीत आणि दोन तृतीयांश घर त्यांचं. उरलेले तीस हजार म्हणजे अर्ज, उत्तरं, कळविण्यात येते की, कृपया पोच द्यावी. ते सगळे मिळून कोपऱ्यात मावलेत.

त्यामुळे ठरवलं, लहान मेलना हात लावायचा नाही. हे 412 एकेक उघडून बघायचे.

सोमवार, 19 मे

412 पैकी 168 मेल नुसत्या छायाचित्रांचे. स्नेहसंमेलन, क्रीडादिन, वृक्षदिंडी, सहल, शिक्षकदिन. एक नमुना लिहून ठेवते, कारण सगळी गोष्ट त्यात आहे.

2018 च्या स्नेहसंमेलनाचे फोटो. एका बाईंनी मोबाइलवरून पाठवलेले, एका मेलला चार-पाच, असे सलग सहा मेल. विषय : 'फोटो', 'फोटो 2', 'उरलेले फोटो'. प्रत मोठ्या बाईंना, पर्यवेक्षकांना आणि कार्यालयाला. म्हणजे तेच फोटो शाळेतल्या तीन खात्यांत आणि पाठवणाऱ्या बाईंच्या 'पाठवलेले'मध्ये चौथ्यांदा. वर मी स्वतः ते सहाही मेल वार्षिक अहवालासाठी छापखान्याला पुढे पाठवलेले, म्हणून आमच्याच खात्यात दोनदा. पाठवलेल्या मेलचीही जागा मोजली जाते, हे लक्षातच येत नाही.

सरांनी आणखी एक गोष्ट समजावली. मेलची यंत्रणा मुळात अक्षरं वाहून नेण्यासाठी घडलेली. फोटो किंवा पीडीएफ पाठवताना तिचं अक्षरांत रूपांतर होतं, दर तीन बाइटांची चार अक्षरं होतात. म्हणून 18 एमबीची फाइल मेलमध्ये शिरली की 24 एमबीची होते. तीच फाइल हार्ड डिस्कवर ठेवली तर 18 च. मेल म्हणजे फोटो ठेवण्याचं सगळ्यांत महाग फडताळ, असं माझं मत झालंय.

सगळे फोटो संगणकावर उतरवले, वर्ष आणि कार्यक्रम अशा फोल्डरांत लावले. त्यात किती सुंदर फोटो आहेत! 2016 च्या वृक्षदिंडीत पालखी खांद्यावर घेतलेली पाचवीची मुलं; यंदा त्यांचं पदवीचं पहिलं वर्ष झालं असेल. फोटो टाकायचे नाहीतच, फक्त जागा बदलायची.

संध्याकाळी ते 168 मेल निवडून कचरापेटीत टाकले. अंदाजे 2.6 जीबी.

गुरुवार, 22 मे

आज मोठी चूक उमगली. सविस्तर लिहिते.

सकाळी अकराच्या सुमाराला एका बाईंचा फोन आला. त्यांचे वडील आमचे माजी विद्यार्थी, मार्चमध्ये वारले. आईच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांत वडिलांची जन्मतारीख दोन ठिकाणी दोन तऱ्हांची आहे. "बाबांनी 2019 मध्ये शाळेकडून जनरल रजिस्टरचा उतारा मागवला होता, तुम्ही मेलने पाठवला होता असं ते म्हणायचे. आम्हाला तो मेल सापडत नाहीये. तुमच्याकडे आहे का हो?"

जावक रजिस्टर काढलं. नोंद होती. ऑगस्ट 2019, 'जन्मतारखेचा उतारा, मेलद्वारे.' माझंच अक्षर. खात्यात नावाने शोधलं, काही नाही. आडनावाने शोधलं, तरी नाही. छातीत धस्स झालं.

सर वर्गातून धावत आले. त्यांनी शोधाची व्याप्ती बदलली. साधा शोध कचरापेटीत आणि स्पॅममध्ये डोकावतच नाही, तो पर्याय मुद्दाम निवडावा लागतो. आणि मेल तिथे होता. मी सोमवारी टाकलेल्या 168 मध्ये.

झालं होतं असं. 2019 च्या माजी विद्यार्थी मेळाव्याचे फोटो शाळेने त्या गृहस्थांना पाठवले होते, 22 एमबी. त्यांनी त्याच मेलला उत्तर दिलं : फोटो मिळाले, फार आनंद झाला, आणि एक विनंती आहे. विनंती उताऱ्याची. त्याच माळेत आमचं उत्तर, स्कॅन केलेला उतारा, त्यांची पोच. जीमेल असे मेल एका माळेत ओवून एक 'संभाषण' म्हणून दाखवतं. यादीत मला दिसला तो विषय 'मेळावा छायाचित्रे' आणि आकार मोठा. मी ओळीवर खूण करून ती काढली आणि सगळी माळ गेली. फोटोंचं वजन 22 एमबी. उताऱ्याचा मेल 96 केबी.

कचरापेटीत मेल तीस दिवस राहतो, मग आपोआप कायमचा जातो. तिसऱ्याच दिवशी कळलं म्हणून वाचलो. मी सोमवारी पेटी रिकामी करणार होते. रांग होती म्हणून राहून गेलं.

त्या बाईंना दुपारी फोन करून सांगितलं की मेल आहे, शिवाय रजिस्टरावरून नवा प्रमाणित उतारा देऊ, तुम्ही साधा अर्ज करा. त्या फोनवर थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "बाबांचं त्या मेलमध्ये काय लिहिलंय ते पण पाठवाल का?" अर्जाची वाट न बघता तो मजकूर त्यांना पाठवला.

आजपासून दोन बदल केले. सेटिंगमध्ये संभाषण दृश्य बंद केलं, त्यामुळे प्रत्येक मेल सुटा दिसतो. आणि ते 168 मेल सगळे परत आणले, आता ते सुटे-सुटे तपासायचे.

शनिवार, 24 मे

निवृत्त हेडक्लार्क भाऊसाहेबांना घरी जाऊन भेटले. एकतीस वर्षं आमच्या कार्यालयात होते. संगणकाला त्यांनी फारसा हात लावला नाही, पण गुरुवारचा प्रसंग ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला : "ताई, तुम्ही वर्गवारी केलीत का?"

मी म्हटलं, फोटो, स्कॅन, परिपत्रकं, अशी केली.

"ती प्रकाराची झाली. मी अभिलेखाची विचारतोय. अ, ब, क, ड."

आणि मग मला आठवलं. शासकीय कागदांची जुनी पद्धत. 'अ' वर्गाचा कागद कायम जपायचा. 'ब' तीस वर्षं. 'क' त्याहून कमी मुदतीचा. 'ड' म्हणजे काम संपल्यावर वर्षभर ठेवून काढून टाकायचा. भाऊसाहेबांच्या काळात दर उन्हाळ्यात अभिलेख कक्षात सतरंजी टाकून हे काम चालायचं. सहा गठ्ठे पद्धतीने कागद लावायचे, रुमालात बांधायचे, वर चिठ्ठी. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या हाताखाली दोन उन्हाळे हे केलंय. नंतर मेल आला, आणि मेलला कुणी वर्ग लावलाच नाही. बारा वर्षं सगळं एकाच ढिगात पडत गेलं.

भाऊसाहेब बोलता बोलता म्हणाले, "शाळेकडे माणूस चाळीस वर्षांनी येतो. बँकेकडे, दुकानाकडे कोण येतो एवढ्या वर्षांनी? शाळेकडे येतो. नावात चूक, जन्मतारखेत चूक, दाखला हरवला, परदेशी चाललोय. तेव्हा त्याच्यासाठी आपण कागद राखलेला असावा लागतो." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि एकेक प्रकार बोटावर मोजून वर्ग सांगितले. मी लिहून घेत गेले. जन्मतारीख, नाव, जात यांच्या नोंदीसंबंधी कुठलाही पत्रव्यवहार 'अ'. मान्यता, सेवापुस्तक, वेतननिश्चिती यांचे मेल 'अ'. स्नेहसंमेलनाच्या मंडपाचं दरपत्रक लेखापरीक्षण होईपर्यंत. बैठकीची वेळ बदलल्याचा मेल 'ड'. शंका आली तर वरचा वर्ग.

निघताना विचारलं, मेल छापून फायलीला लावला तर चालेल ना? ते म्हणाले, ते तुमच्या सरांना विचारा.

सोमवार, 26 मे

मोसमी पाऊस आजच पुण्यात पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. मेमध्ये! अभिलेख कक्षाच्या खिडकीतून पाणी आलं, शिपाई मामांनी पहिल्यांदा रुमाल हलवले, मग आम्हाला सांगितलं. त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे.

परवाचा प्रश्न, मेल छापून ठेवला तर चालेल का. सरांनी माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 मधलं कलम 7 काढून दाखवलं. एखादा कागद ठरावीक मुदत जपायचा असेल तर तो इलेक्ट्रॉनिक रूपात जपलेला चालतो, पण अटींवर. नंतर उघडून वाचता आला पाहिजे, मूळ रूपात किंवा मूळ मजकूर तंतोतंत दाखवेल अशा रूपात असला पाहिजे, आणि कुठून आला, कुणाला गेला, कोणत्या तारखेला किती वाजता, हा तपशील सोबत राहिला पाहिजे. छापील प्रतीवर वरच्या चार ओळी येतात, पण मेलचा सगळा प्रवास त्याच्या शीर्षभागात दडलेला असतो, तो कागदावर येत नाही. म्हणून 'अ' वर्गाचा मेल 'संदेश डाउनलोड करा' म्हणून ईएमएल फाइल करून ठेवायचा. ती फाइल थंडरबर्डसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडते, जोडपत्रासकट. छापील प्रत हवी तर ती वेगळी.

बाह्य हार्ड डिस्क घ्यायची म्हणून तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून तीन दरपत्रकं मागवली. दोन घ्यायच्या, एक कार्यालयाच्या कपाटात, दुसरी संस्थेच्या मुख्य कार्यालयात. एकच ठेवली आणि ती बंद पडली तर मेलखात्यात होतं तेच बरं होतं असं म्हणायची वेळ येईल.

शुक्रवार, 30 मे

चार दिवस वर्ग लावत बसले. जीमेलमध्ये अ, ब, क, ड अशी चार लेबलं केली, 'अ'ला गडद लाल. मोठ्या 412 ची छाननी पूर्ण. पाठवलेल्यांतले 77 मेल म्हणजे जवळजवळ सगळ्या आधीच आलेल्या फायलींच्या पुढे पाठवलेल्या प्रती, त्यांचे 1.2 जीबी निर्धास्त गेले. 46 मेल शासन निर्णय आणि परिपत्रकांच्या भल्यामोठ्या पीडीएफचे. शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर संगणक संकेतांकाने सापडतो, तेव्हा संकेतांक आणि तारीख रजिस्टरात उतरवली आणि मेल काढले. अर्धा जीबी आणि वर थोडं.

उरले 121 स्कॅनचे मेल. इथे मात्र मूळ दोष आमच्या टेबलावरच सापडला.

एका इयत्तेच्या वीस मुलांच्या याद्या, साध्या काळ्या अक्षरांतल्या, आणि फाइल 19 एमबी. का? मी स्कॅनरच्या सेटिंगमध्ये गेले. रंगीत, 600 डीपीआय, म्हणजे एका इंचात 600 ठिपके. कुणी, कधी लावलं माहीत नाही, पण तेव्हापासून पिवळट कागदावरचं प्रत्येक पान रंगीत छायाचित्रासारखं स्कॅन होत होतं.

सरांनी फळ्यावर हिशोब मांडला. ए-4 पान 300 डीपीआयने स्कॅन केलं तर 2480 गुणिले 3508 ठिपके. रंगीत असेल तर प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे दाबण्यापूर्वी सुमारे 26 एमबी. 600 ला ठिपके दोन्ही बाजूंनी दुप्पट, म्हणजे चौपट, 104 एमबी. आणि करड्या रंगात 200 डीपीआयला? 3.9 एमबी. फाइल दाबली की हे सगळे आकडे खूप खाली येतात, पण एकमेकांशी प्रमाण साधारण असंच राहतं. मी 200 ला करड्या रंगात जनरल रजिस्टरचं पान काढून पाहिलं. बोरूने लिहिलेलं 1950 च्या दशकातलं अक्षर स्वच्छ वाचता आलं. शिक्क्याची निळी शाई दाखवायची असेल तेव्हाच रंगीत, 300.

स्कॅनरवर चिठ्ठी चिकटवली : 'यादी, अर्ज, पत्र : करडा, 200. शिक्का, फोटो : रंगीत, 300. 600 लावू नये.' खाली मोठ्या बाईंची सही घेतली, म्हणजे कुणी बदलणार नाही.

मंगळवार, 3 जून

जागेशी आजच्या नोंदीचा फारसा संबंध नाही, पण हे काम हाती घेतलं नसतं तर दिसलं नसतं. स्कॅनच्या मेलांत मुलांची आधार कार्डं, पालकांच्या पासबुकाची पहिली पानं, उत्पन्नाचे दाखले. शिष्यवृत्तीसाठी पालकांनी विश्वासाने पाठवलेले. काम तेव्हाच झालं, कागद मात्र सात-आठ वर्षं तसेच पडून. हे खातं आजवर किती जणांनी हाताळलं याची मी मनात यादी केली. सहा माणसं, त्यांतली तीन आता शाळेत नाहीत. पासवर्ड मधल्या काळात एकदाच बदललेला.

आज पासवर्ड बदलला, दुहेरी पडताळणी चालू केली. शिष्यवृत्तीची मुदत आणि लेखापरीक्षण दोन्ही संपलेली सगळी आधारची जोडपत्रं काढली. पुढे पालकांना सांगायचं की आधार मेलने पाठवू नका, आणि पाठवावंच लागलं तर शेवटचे चार अंकच दिसणारं मास्क्ड आधार पाठवा. 0.7 जीबी मोकळे झाले. आकड्यापेक्षा आज माझ्या मनावरचं ओझं जास्त उतरलं.

सोमवार, 9 जून

आता ड्राइव्ह. 4.3 पैकी 2.3 जीबी 'मीट रेकॉर्डिंग्ज' या एका फोल्डरात. 2020 च्या जून ते सप्टेंबरमधल्या पालकसभा. बैठक कार्यालयाच्या खात्यातून बोलावली होती, म्हणून रेकॉर्डिंग आमच्या नावावर. एक उघडून पाहिलं. छोट्या छोट्या चौकटींत घाबरलेले पालक. कुणी विचारतंय, घरात एकच फोन आहे आणि मुलं दोन आहेत, काय करू? त्यावर मोठ्या बाई म्हणतात, "एकाला सकाळी, एकाला संध्याकाळी घेऊ. तुम्ही काळजी करू नका." पुढे खरंच तसं वेळापत्रक झालं होतं. ही एक सभा हार्ड डिस्कवर ठेवली, मोठ्या बाईंच्या परवानगीने. बाकीच्यांत लोकांचे चेहरे आणि घरं आहेत, ती ठेवण्याचं कारण नाही.

शिक्षकांच्या खात्यांनाही तीच मुदत आहे. विज्ञानाच्या बाईंचा ड्राइव्ह मुलांच्या प्रयोगांच्या व्हिडिओंनी तुडुंब. गूगल क्लासरूममध्ये मुलाने काम सुपूर्द केलं की फाइलची मालकी शिक्षकाकडे जाते, आणि ड्राइव्हमध्ये जागा मालकाच्या खात्यावर मोजली जाते. तपासून 'परत' केलं की मालकी पुन्हा मुलाकडे. बाईंनी गुण वहीत मांडले होते, काम परत केलंच नव्हतं. आज दोन वर्षांचं परत केलं आणि त्यांचं खातं हलकं झालं. अर्थात पेटी सामाईक आहे, त्यामुळे संस्थेच्या एकूण हिशोबात काही सुटलं नाही, फाइल एका खिशातून दुसऱ्यात गेली. पण ज्याचं काम त्याच्याकडे, हे योग्यच. दहावी होऊन गेलेल्या मुलांनी शाळेचं खातं बंद होण्याआधी आपलं काम स्वतःच्या खात्यात न्यावं, अशी सूचना फलकावर लावली.

शुक्रवार, 13 जून

संस्थेच्या महाविद्यालयातल्या लिपिकांचा फोन. त्यांच्याकडे मायक्रोसॉफ्टचं आउटलुक आहे, तेच सगळं तिथे चालेल का? वर्गवारी चालेल, आकाराने लावून बघणं चालेल. फरक एवढा सांगितला की त्यांच्याकडे 'हटवलेले' फोल्डर रिकामं केल्यावरही मेल मागच्या दाराशी ठरावीक दिवस राहतो, मुळात 14 दिवस, आणि तिथून परत आणता येतो. पण तेवढ्यावर विसंबू नका, असंही मी म्हणाले.

शुक्रवार, 20 जून

पालख्या आज पुण्यात. दुपारनंतर रस्ते बंद, कार्यालयात आम्ही तिघंच. शाळा सोमवारी सुरू झाली, पण आज मुलं नाहीत. शांततेत शेवटची फेरी केली.

19 मे रोजी टाकून नंतर परत आणलेल्या 168 पैकी सुटे करून पाहिल्यावर 9 मेल असे निघाले की ज्यांत फोटोंच्या आडून काहीतरी खरं दडलं होतं. एकात बदलीचा अर्ज. एकात देणगीदाराने अट घातलेली : बक्षीस आईच्या नावानेच द्यावं. एकात एका पालकांनी मुलीच्या श्रवणयंत्राबद्दल वर्गशिक्षिकांसाठी लिहिलेल्या सूचना. सगळ्यांचा आकार 10 ते 40 केबी. नऊही ईएमएल करून 'अ' आणि 'ब'मध्ये. त्यांच्याबरोबरचे फोटो गेले.

कचरापेटी आज हाताने रिकामी केली. पेटीतली जागाही मोजली जाते, म्हणून तीस दिवस थांबलो असतो तर 1 तारीख हुकली असती. रिकामी करण्याआधी सर आणि मी दोघांनी यादी वरून खाली वाचली. पुढेही पेटी रिकामी करताना दोन माणसं असावीत.

मंगळवार, 1 जुलै

सकाळी मोजणी : जीमेल 4.3, ड्राइव्ह 1.9, फोटो 0. एकूण 6.2 जीबी. नव्या मर्यादेच्या 62 टक्के. पेटी रिकामी केल्यावर आकडा लगेच हलला नव्हता, दुसऱ्या दिवशी उतरला.

हार्ड डिस्क दोन्ही आल्या. पहिली कपाटात, दुसरी उद्या मामा मुख्य कार्यालयात पोचवतील. दोन्हींवर 'अ' वर्गाचे मेल. यादी छापून जावक रजिस्टराच्या शेवटी चिकटवली.

बाकी राहिलेलं : 10 एमबीच्या खालच्या मेलना अजून वर्ग लागलेला नाही. रोज चाळीस लावायचे ठरवलंय, आवक नोंदवतानाच. नवीन येणारा मेल मात्र आजपासून वर्ग लागल्याशिवाय बाजूला होणार नाही. बैठकीच्या आणि सुट्टीच्या 'ड' मेलांची पहिली छाननी दिवाळीच्या सुट्टीत.

मे महिन्यात फोन केलेल्या त्या बाई काल स्वतः आल्या होत्या, उतारा न्यायला. जावक क्रमांक टाकला, सही घेतली. वडिलांचा 2019 चा मेल त्यांना पेनड्राइव्हवर मूळ रूपात दिला.